मेकाँगकाठच्या विहीणबाई

माझं माहेर कऱ्हाडचं, म्हणजे कृष्णाकाठचं, आणि सासर म्हणाल तर शिकागोजवळचं शॉमबर्गच, कारण लग्न झालं आणि दोन-चार महिन्यांत मी इकडे अमेरिकेत आले ती इथलीच झाले. आमचे हे एका कारखान्यात मशीनवर होते, आता रिटायर झालेत, आणि मी इथल्या शाळेच्या कॅफेटेरियात मुलांना जेवण वाढते. लंच लेडी म्हणतात आम्हाला. डोक्याला जाळी, हातात मोजे, आणि दिवसभर एकच वाक्य, मटार हवेत का कॉर्न हवाय, तेही इंग्रजीत. कऱ्हाडच्या शाळेत इंग्रजीच्या बाई मला उभं करून हसायच्या, त्यांना कुणीतरी सांगायला पाहिजे की मी पंचवीस-तीस वर्षं याच भाषेवर पोट भरतेय, मटारापुरती का होईना.

तुम्ही विचारलंत थायलंडचं आणि मी सांगत बसले मटाराचं. पण तिथं जायचं तर आधी निखिलवरूनच जावं लागतं.

निखिल आमचा एकुलता. त्यानं प्लॉयला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा मला थायलंड म्हणजे टीव्हीवरचा समुद्र आणि त्यात पोहणारी गोरी माणसं एवढंच माहीत. मी विचारलं, बाई, तुझं घर बीचजवळ का, तर ती हसून म्हणाली, यस आई. पुढं कळलं की तिचं गाव नाखोन फनोम प्रांतात, मेकाँग नदीच्या काठावर, समुद्राचा तिकडे पत्ता नाही. मग मी जेवायला वाढलं. आपल्याकडे पाहुणा नको नको म्हणतो आणि आपण वाढतो, नाही का, पण ही प्रत्येक पोळीला यस आई, थँक यू आई, आणि मी मूर्खासारखी वाढत गेले, शेवटची पुरणपोळी पोरीनं डोळ्यांत पाणी आणून संपवली. निखिल मला आत ओढून म्हणाला, आई, अगं ती मोठ्या माणसाला नाही म्हणत नाही, त्यांच्यात तसं नसतं, तू तिचा चेहरा बघत जा. मी म्हटलं, पुरणपोळी खाताना चेहरा कसला बघायचा.

चांगली सून होती, म्हणजे आहे, आहेच की. तारा झाली, तिला माझ्याकडे ठेवून दोघं कामाला जायचे. आणि मग दोन वर्षांमागं जानेवारीत निखिल गेला. ऑफिसातून निघाला, पार्किंगमध्ये गाडीत बसला, आणि तिथंच. हार्ट. अडतीस वर्षांचा मुलगा. ते मी जास्त सांगत नाही, तुम्ही पण लिहू नका जास्त. गुरुजींनी दिवस केले, ह्यांनी सगळं पाणी-पिंड हातानं केलं, आणि मी आणि प्लॉय बाजूला खुर्च्यांवर बसलो होतो, लग्नातल्या लांबच्या पाहुण्यांसारख्या.

वर्षभरानं प्लॉय ताराला घेऊन आईकडे गेली, उन्हाळ्यापुरती म्हणून. उन्हाळा संपला. तारा तिकडच्या शाळेत जायला लागली. मी फोनवर म्हणायची, प्लॉय, तुझं मन लागेपर्यंत तू राहा तिथं, पण ताराला माझ्याकडे पाठव, इथं जन्मलेली पोर आहे, तिची शाळा इथं आहे. ती म्हणायची, यस आई. मी म्हणायची, माझ्याच शाळेत दुसरीत घालू, मधल्या सुट्टीत माझ्या नजरेसमोर राहील. यस आई. मी आपली खूश. प्रिन्सिपलबाईंशी बोलले, निखिलच्या खोलीला नवे पडदे शिवले, जांभळे, तिला आवडतात म्हणून. हे म्हणाले, मागू नकोस पोरीला. मी म्हटलं, मी कुठं मागतेय, ती स्वतः हो म्हणतेय. हे पेपर वाचायला लागले.

तर मी निघाले ऑक्टोबरात. ह्यांचा गुडघा नुकताच बदललेला, म्हणून एकटीच. बँकॉकवरून छोट्या विमानानं गेले, आणि प्लॉयच्या आईच्या घराच्या पायरीवरून ती नदी बघितली. काय सांगू तुम्हाला. कृष्णाकाठची म्हणून मला नदीची मिजास होती, ती तिथंच उतरली. पलीकडचा काठ म्हणजे दुसरा देश, लाओस, आणि त्याच्या मागं डोंगर असे एकामागं एक, कुणीतरी कात्रीनं कापून लावल्यासारखे. विहीणबाई, म्हणजे प्लॉयची आई, माझ्याच वयाच्या, काडीला बांधून भाजलेली मासळी विकतात बाजारात. त्यांना माझं एक अक्षर कळत नाही, मला त्यांचं कळत नाही. विहिणी-विहिणींत एवढी शांतता मी आमच्या खानदानात कधी पाहिली नाही. त्या चिकट भाताची टोपली पुढं करायच्या, मी नको म्हणायची, त्या खरंच उचलून न्यायच्या. दोन दिवस मी अर्धपोटी.

आणि सण कुठला, तर आपली कोजागिरीच. खरंच. तीच आश्विनातली पौर्णिमा. आपला चातुर्मास असतो ना, तसे त्यांचे भिक्खू पावसाळाभर एका जागी राहतात, कुठं जात नाहीत, आणि या पौर्णिमेला ते संपतं. मी मसाला दुधाची पुडी नेली होती ती कामाला आली. गावोगावची माणसं त्या दिवसासाठी बांबूच्या भल्यामोठ्या नावा बांधतात, उंचच उंच चौकटी, आणि त्यांना तेलाच्या बाटल्या टांगतात, प्रत्येकीत वात, म्हणजे पेटल्या की अंधारात त्यांचं चित्र दिसतं, नागाचं, देवळाचं. गावातली सगळी पोरं वाती वळायला बसलेली आणि त्यांच्यात आमची तारा, गुडघ्यापर्यंत काजळी, त्यांच्या भाषेत कुणाशी तरी कडाकडा भांडत होती. मला बघून म्हणाली, आजी, ही इज चीटिंग. आणि परत भांडायला लागली.

पौर्णिमेला सकाळी देवळात गेलो. निखिलच्या नावानं पुण्य द्यायचं होतं. म्हातारे भिक्खू आले, शांत चेहरा, आणि मी काय केलं असेल, आपल्या वळणानं पुढं झाले, वाकले आणि त्यांच्या पायांना हात लावला. बाईनं भिक्खूला शिवायचं नसतं हो. बोटसुद्धा लागता कामा नये. ते झटकन मागं सरले, चीवर गोळा करत, बायकांनी तोंडावर हात ठेवले, आणि मी तशीच वाकलेली, कारण पाठ धरली होती. माझ्या मनात एकच आलं, झालं, माझ्या लेकराचं पुण्य मीच बुडवलं. मी रडायला लागले. तेव्हा विहीणबाईंनी मला बगलेत धरून उठवलं, आणि त्या हसत होत्या, पण माझ्याकडे बघून नाही, खाली बघून. भिक्खू काहीतरी बोलले. प्लॉय म्हणाली, आई, ते म्हणतात, आईला माहीत नव्हतं, त्यात पाप नाही.

मग प्लॉयनं एक छोटी पितळी झारी माझ्या हातात दिली, खाली वाटी ठेवली, आणि म्हणाली, मंत्र चालू आहेत तोवर बारीक धारेनं पाणी ओता आणि निखिलला आठवा. मी म्हटलं, मी? ती म्हणाली, तुम्ही त्याची आई. माझ्या कोपराला तारानं हात लावला, ताराच्या खांद्याला प्लॉयनं, प्लॉयला तिच्या आईनं, तशी रीत आहे, म्हणजे सगळ्यांच्या हातून पोहोचतं. विहीणबाई पुटपुटत होत्या, निखिन, निखिन. त्यांना शेवटचा ल म्हणता येत नाही. माझा मुलगा जाऊन इतके दिवस झाले, पण त्याच्या नावानं माझ्या हातून पाणी पडलं ते त्या दिवशी.

संध्याकाळी नावा बघायला निघायच्या आधी मी पडवीत आले तर दाराशी एक बॅग. ताराची, मांजराच्या चित्राची, इथूनच नेलेली. वर तिचा थंडीचा कोट घडी करून ठेवलेला, आणि तो तिला आता बाहीत लांडा होतो हे मला लांबूनच दिसत होतं. माझं परतीचं विमान दुसऱ्या दिवशी. मी काही म्हटलं नव्हतं, कुणी मला विचारलं नव्हतं, गुपचूप बॅग भरली होती. बाजूला विहीणबाई बसून ताराच्या मनगटाला पांढरा दोरा बांधत होत्या, प्रवासाला जाणाऱ्याला बांधतात तो, आणि त्यांना गाठ जमत नव्हती. रोज मासळीच्या काड्या बांधणारी बाई. तारा विचारत होती, मम्मा, किती दिवस? प्लॉय म्हणाली, आजी सांगेल.

मग निखिल म्हणाला होता तसा मी प्लॉयचा चेहरा बघितला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा असा बघितला. फोनवर कुठला दिसायला.

मी म्हटलं, अगं, सांगायचंच राहिलं, आमच्या शाळेत दुसरीत जागाच नाही या वर्षी, प्रिन्सिपलबाई म्हणाल्या. फार खडूस बाई आहे. प्लॉय म्हणाली, पण आई, तुम्ही तर म्हणाला होता. मी म्हटलं, तेव्हा होती, आता भरली, अमेरिकेचं काही खरं नाही बघ, इथंच राहू दे, बाहीसुद्धा लांडी झालीय. मला खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून कान लाल होतात. तिनं माझ्या कानांकडे बघितलं, आणि खाली बसून माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. तिनं काय सांगितलं आईला कोण जाणे, विहीणबाईंनी ताराच्या हातातला दोरा सोडला आणि माझं मनगट पुढं ओढून त्यावर बांधला. या वेळी गाठ एका दमात.

नावा? बघितल्या की. अंधार पडल्यावर एकेक येत गेली, पाणी दिसत नव्हतं, नुसते दिवे वाहत होते, आणि दोन्ही देशांतली माणसं दोन्ही काठांवर गप्प उभी. तारा म्हणाली, आजी, दॅट वन इज अवर्स, आय मेड द टेल. नागाची शेपूट होती. माझ्या डोळ्यांना धड दिसली नाही, पण मी म्हटलं, सगळ्यात छान शेपूट तीच.

शिकागोला हे न्यायला आले होते, काठी टेकत. एकटीच? म्हणाले. मी म्हटलं, एकटीच. हे म्हणाले, बरं केलंस. गाडीपाशी आलो, मी बॅग टाकायला मागचं दार उघडलं, तर सीटवर मुलांची बूस्टर सीट लावलेली. नवी कोरी, पट्ट्यासकट. आणि हाच माणूस म्हणत होता, मागू नकोस. मी बॅग पुढं मांडीवर घेऊन बसले, घरापर्यंत.

आता रविवारी सकाळी फोन येतो. ताराचं मराठी कमी व्हायला लागलंय, आजी आणि बाय एवढं शाबूत आहे. विहीणबाई मागून मासळीची काडी कॅमेऱ्यात दाखवतात, मी नको म्हणत नाही, मान हलवते. ती सीट अजून गाडीतच आहे. गुडघा बरा झाला की परत देऊन येतो असं हे म्हणतात, गुडघा केव्हाच बरा झालाय. राहू दे. माझी पोर नदीकाठी वाढतेय, आईच्या पदराखाली आहे, धडधाकट आहे, तिला माझं आयुष्य लागो. तुम्ही चहा घेणार ना? नको म्हणालात तरी मी ठेवतेच.