हिंदुरावांचं बॉनेट गार का राहिलं

टाळ जरा मांडीवर ठेवा. पेटीवाले, तुम्हीही सूर सोडा, आता काम कानांचं आहे. मंडळी, ऐका! सामर्थ्य घरात आलं, पारखून आणलं, वाजतगाजत आणलं — तरी माणूस दुबळाच राहतो, हे कसं? समई आहे, तेल आहे, वात आहे, आणि घरधनी अंधारात ठेचकाळतोय. होतं का असं? मला सांगू नका. पलीकडे तुमच्या घरच्या मंडळी बसल्यात, त्यांच्याकडे बघा. कशा हसतायत!

उत्तराला पुराणात जायला नको. कराडपर्यंत गेलं तरी पुरे.

तिथं हिंदुराव निकम राहतात. एसटीचे ड्रायव्हर. चौतीस वर्षं नोकरी, अपघात शून्य. निवृत्त झाले आणि घरी बसले. बसले म्हणजे कसे? हात हवेत, हातात नसलेलं स्टिअरिंग! बायको, शकुंतलाकाकू, मेथी निवडतायत आणि हे शेजारी बसून वळणं घेतायत. पुण्याच्या लेकीनं ओळखलं. घरच्या कॉम्प्युटरवर बस चालवायचा खेळ घालून दिला, स्टिअरिंग दिलं, पायाशी ब्रेक दिला. आणि कुणा हौशी पोरांनी त्या खेळात आपला चिपळूण-कराड रस्ता रचलेला — कुंभार्ली घाट वळणांसकट!

मग काय विचारता! डेपोतले सात निवृत्त ड्रायव्हर जमले. दर रविवारी सकाळी आठला, आपापल्या घरी, कानाला हेडफोन लावून, सात गाड्या एका रांगेत चिपळूणहून निघायच्या. नियम कडक. घाटाच्या पायथ्याला, पोफळीला, दहा मिनिटं चहाचा थांबा. चहा खरा, ज्याच्या त्याच्या घरचा! आणि पहिली गाडी हिंदुरावांची. शून्य अपघातांचा तो मान. हसू नका. निवृत्तीनंतर माणसाच्या वाट्याला मान किती उरतो, ते एकदा मोजून बघा. एका हाताची बोटं पुरतात, अंगठा शिल्लक राहतो.

पण डोळे अधू झाले. लहान पडद्यावर रस्त्याच्या पाट्या वाचता येईनात. लेकीनं मोठा फोर-के मॉनिटर पाठवला. पाटी अशी लख्ख दिसली, की तिच्या रंगाचे पोपडे मोजावेत! आनंदीआनंद? थांबा. घाटातलं तिसरं वळण आलं, आणि चित्र जागच्या जागी अडकलं. सुटलं, तेव्हा हिंदुराव दरीत. आणि त्यांच्या मागोमाग — रांग न मोडता, इंडिकेटर देऊन — सहा गाड्या दरीत!

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तेव्हा सोपान माळी बोलले. दोन नंबरची गाडी त्यांची.

"निकम, दोन आठवडे तुमच्या मागनं दरीत येतोय. डेपोची शिस्त म्हणून आलो. येत्या रविवारी गाडी अडखळली, तर पोफळीपास्नं पुढं मी."

हिंदुरावांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आता हिशेब मांडतो, सोपा आहे. पडद्यावरचं चित्र म्हणजे ठिपक्यांची पंगत. लहान पडद्यावर वीस लाख पानं. फोर-केवर त्र्याऐंशी लाख! आणि सेकंदाला साठ पंगती उठवायच्या. पंगत चौपट झाली, आचारी कोण? तर हिंदुरावांच्या कॉम्प्युटरला वेगळा आचारीच नव्हता. घरचा कारभारी, तो प्रोसेसर, जाता जाता वाढतही होता. घरच्या चार पानांना चाललं. लग्नाच्या पंगतीला चालेल? तो आचारी म्हणजे ग्राफिक्स कार्ड.

हिंदुराव बागवानांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. म्हणाले, "सगळ्यात मोठं कार्ड दे."

दुसरा कुणी असता तर देवाला नमस्कार करून बांधून दिलं असतं. इरफान बागवान म्हणाला, "मामा, आधी बसा. पडदा केवढा? खेळ कुठला? कॉम्प्युटरचा डबा किती लांब? त्याला वीज देणारा सप्लाय किती वॅटचा?"

बघा! जो देण्याआधी विचारतो, तो गुरू. मागितलं की देतो, तो दुकानदार. आपल्याला आवडतो कोण? दुसरा!

बागवानानं तीन कार्डं मांडली. "हे मोठं. विटेपेक्षा लांब. तुमच्या डब्यात मावणार नाही, मावलं तर सप्लाय पेलणार नाही. लुनाला ट्रकचं इंजिन लावता का? हे लहान. आठ जीबी मेमरी. जुन्या पडद्याला झकास, पण फोर-केला त्याचा ओटा अपुरा, वाढलेली ताटं ठेवायची कुठं? हे मधलं न्या, सोळा जीबी. फक्त खेळात सावल्या एक पायरी खाली ठेवा."

"सावल्या का खाली?"

"मामा, गाडी रस्त्यावर चालवायची का सावलीवर?"

हिंदुरावांना पटलं. बागवान म्हणाला, "बसवायला मी येतो." इथं मात्र चौतीस वर्षं बोलली. "इंजिन उतरवून चढवलेला माणूस आहे मी. डबा उघडायला तू कशाला?"

घरी आले. कार्ड खाचेत बसवलं, सप्लायची वायर जोडली, स्क्रू आवळले. खेळात सावल्या एक पायरी खाली ठेवल्या, पण नव्या कार्डाच्या भरवशावर बाकी सगळं चढवून ठेवलं. नारळ फोडला!

रविवार उजाडला. आठ वाजले. सात गाड्या निघाल्या — आणि चिपळूणच्या बाहेरच चित्र अडखळलं. खेर्डीला अडखळलं. शिरगावला तर गाडी पुढं आणि रस्ता मागं!

"बागवानानं फसवलं," हिंदुराव सहा जणांच्या कानात म्हणाले. "चोर आहे तो."

सोपानराव इतकंच म्हणाले, "पोफळीपर्यंत चला. मग मी आहे."

पोफळी आली. इंजिनं बंद झाली. काकू चहा घेऊन आल्या. हिंदुराव खिडकीबाहेर बघत होते, चेहरा उतरलेला. काकूंनी कप ठेवला आणि उघड्या डब्यातल्या नव्या कार्डाच्या पाठीवर तळवा टेकवला.

"अहो, हे गार आहे."

"नवीन आहे. गारच असणार."

"पाऊण तास गाडी पळाली आणि बॉनेट गार? रूट करून आलेली गाडी हात लावून ओळखायची, हे तुम्हीच सांगायचा की. ही डेपोतनं हललेलीच नाही. पंखासुद्धा उभा आहे बघा."

हिंदुराव उठले. डब्याच्या मागं वाकून पाहिलं. मंडळी, काय दिसलं? मॉनिटरची वायर जुन्या भोकात! कारभाऱ्याच्याच भोकात! इतकी वर्षं हात तिथंच जायचा, त्या दिवशीही तिथंच गेला. आणि नव्या कार्डाच्या तोंडावरचं रबरी टोपण तसंच होतं. आचारी सजून बसलेला, त्याला कुणी वाढायलाच सांगितलं नाही!

टोपण काढलं. वायर नव्या जागी लावली. पडदा काळा झाला, काकूंनी हात जोडले, चित्र आलं. खेळ बंद करून पुन्हा लावला. थांब्याचं एक मिनिट उरलं होतं.

"काढू का गाडी पुढं?" सोपानरावांनी विचारलं.

"पुढं मीच. तिसऱ्या वळणावर अडखळलो, तर तुम्ही दरीत येऊ नका, एवढं करा."

पहिलं वळण. दुसरं. तिसरं — लोण्यातून सुरी! मग सोपानरावांचा आवाज आला, "निकम, आमचे पडदे लहानच आहेत. त्या पाटीवर काय लिहिलंय?"

"वळणावर हॉर्न वाजवा."

सहा घरांतून सहा हॉर्न वाजले.

घाटमाथ्यावर हिंदुराव म्हणाले, "मघाशी तुमच्या कानात बागवानाला चोर म्हणालो. तुमच्याच कानात तो शब्द परत घेतो. चूक माझ्या हाताची होती."

कार्ड बसवायला चौतीस वर्षांचा अनुभव लागला, मंडळी. आणि चूक सापडायला एक तळवा!

आता तुमचा डबा उघडतो. देव घरात आणलात. मखर केलंत, नारळ फोडलात. आणि मनाची वायर? भावाच्या बांधाला, शेजाऱ्याच्या नव्या गाडीला, सुनेच्या माहेराला! हात सवयीनं जुन्याच भोकात जातो. वर तक्रार — "बुवा, एवढं करतो, पण नाम काही चालत नाही." म्हणजे चोर कोण? देव! देवाच्या तोंडावरचं टोपण तरी काढलंत का?

आणि वायर कुठं आहे हे बघायला मागं वाकावं लागतं. ताठ माणसाला ते भोक दिसत नाही.

माझ्या कीर्तनाचंही तेच. कुणाची वायर माझ्याकडे आणि कुणाची मांडीवरच्या मोबाइलकडे, मला इथून दिसतंय, पण मी नावं घेत नाही. परीक्षा काकूंचीच घ्या. उचला टाळ, धरा सूर, लावा नाम आणि टाळी वाजवा. थांबू नका. मग शेजाऱ्याच्या तळव्याला हात लावून बघा. गार लागला, तर समजा — गाडी अजून डेपोतच उभी आहे!