तैया तै आणि ओढ रे

टक्… टक्… टक्! लाकडावर लाकूड! ऐन विशीत मिऱ्याच्या किनाऱ्यावर जाळं शिवत बसलो होतो, तेव्हा शाळेच्या पडवीतून आला हा आवाज, आणि त्यावर नाच शिकणाऱ्या एका मुलीचं ‘तैया तै’… तिथंच फसलो! लोक रूप बघून लग्न करतात, मी आवाज ऐकून केलं. आता त्यात मी काय बोलणार?

तर तुम्हाला सांगतो, तीच ही आमची गुणवंती. गावभरच्या पोरी हिच्याकडे भरतनाट्यम शिकल्या, मग त्यांच्या पोरी शिकल्या. आणि यंदा शिमगा सरला नि हिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ताल धरायची काठी आली डाव्या हातात! ताल पक्का हो, पण बोल कोण म्हणणार? पोरी एकेक करून गळाल्या… उरली एकटी दीपाली. ती यायची म्हणून ही सकाळी उठून बसायची, वेणी घालून घ्यायची, तीही माझ्याकडून! दीपाली गेली की काठी बंद. मग ही उठणार कशासाठी, सांगा?

म्हणून बोल मी म्हणायला लागलो. मी! जन्म गेला रापणीचं जाळं ओढण्यात! सुरुवात बरी व्हायची, ‘तैया तै, तैया तै’… पण लय वाढली की तोंडातून आपोआप, ‘ओढ रे! ओढ! सोडू नको रे!’ दीपाली हसायची, पण पाय चुकायचा नाही. आणि ही? वाकड्या तोंडाने, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची. मी काय बोलणार?

काल नेमकी दीपालीची आई लवकर आली. दारातच उभी! “अहो काका, हा क्लास आहे की मच्छीची बोट? परीक्षा तोंडावर आलीय हिची! मॅडमबद्दल आदरच आहे हो, पण… उद्यापासून दुसरीकडे घातलंय हिला.” खोटं काय होतं त्यात? मी काय बोलणार?

हिने काठी खाली ठेवली. दीपालीने नमस्कार केला. रिवाजच आहे त्यांचा, पायांनी तुडवली म्हणून आधी जमिनीची माफी मागायची, मग गुरूच्या पाया पडायचं. दोन्ही झालं. वाटलं, निघाली. तर माझ्यासमोर आली… आणि वाकली! जाळंवाल्यासमोर!

म्हटलं, “अगो बाय, मी कोण? मला कसला नमस्कार?”

तिने डोळे पुसले, चपला घातल्या, आणि आईच्या मागून निघून गेली.