चांदणीच्या पोटात

आईला जाऊन महिना झाला होता. ती नाताळचं शिवण ज्या दुकानाला द्यायची, तिथून तिची पिशवी परत घेऊन ऋचा बेळगावच्या स्टँडवर निपाणीच्या बसची वाट बघत होती. शेजारी बसलेल्या दोघी जावांच्या हातात त्याच दुकानातली लाल फेल्टची चांदणी होती.

"आक्का, जरा दाबून बघा. आत खडा हाय."

"कापसातला कचरा असंल गं."

"आमच्या साईराजच्या शाळंत नाताळच्या झाडाला बांधायची, आन् असला माल! थांबा, उसवतेच."

"हळू गं रूपाली."

"ह्ये बघा, जोंधळ्याचा दाणा!"

"मग मुद्दाम घातलाय. आमची आई जुन्या लुगड्यांची वाकळ शिवताना शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा घालायची. वाकळ उपाशी राहू नये म्हणून."

"वाकळंचं ठीक हाय. चांदणी काय जेवती व्हय? कोण खुळी बाई बसलीया शिवायला!"

"टाकं बी वाकळंचंच हाईत की. लई गावंढळ काम."

"टाकला बघा दाणा. न्हायतर शाळंत उंदरं लागायची."

"आन् आता ही फाटकी चांदणी न्हे शाळंत!"

ऋचानं आईच्या पिशवीतून सुईदोरा काढला.

"द्या इकडं. टाका घालून देते."

"लई बरं झालं बाई... अगं, ह्ये काय? पिशवीतला जोंधळा घातलीस की आत!"

"हो."

"तुला कुणी शिकवलं गं असलं?"

"त्या खुळ्या बाईनं," ऋचा म्हणाली आणि तिनं दातानं दोरा तोडला.