पहिलं उत्तर बदलायचं नाही

शपथेवर सांगतो, हे अक्षरन् अक्षर खरं आहे. आता मी सांगतोय म्हटल्यावर थोडं इकडंतिकडं होणारच, तेवढं धरून चला.

माझी भाची रेखा तलाठ्याच्या संगणकावरच्या परीक्षेला होटगीहून सोलापुरात माझ्याकडं उतरली. शिवणकाम सांभाळून तिनं अभ्यास केला होता, नोकरीवरच सगळी आशा. सकाळी चहा घेताना म्हणाली, "मामा, चारातले दोन पर्याय बरोबर वाटले तर काय करायचं?"

अशा परीक्षेचं तोंडही न बघितलेल्या मी थाटात सांगितलं, "मनात पयलं येईल ते दाबायचं. आन् एकदा दाबलं की बदलायचं न्हाय. बदलणारा बुडतो."

दुपारी ती केंद्राबाहेर आली ती खुशीत.

"कसा गेला पेपर?"

"लई सोपा की. वेळ उरला म्हणून सगळं परत वाचलं. चार उत्तरं चुकल्याली सापडली."

"मग बदललीस न्हवं?"

"न्हाय की. तुमीच म्हणला हुता."

"अगं, ते शंका असल्यावर. चूक दिसल्यावर कोण सोडतंय?"

"तसं सांगितलं न्हवतं तुमी," ती म्हणाली आणि रिक्षात जाऊन बसली.

त्या चार उत्तरांनीच तिचं नाव यादीतून हुकलं. पण पोरगी जिद्दीची. पुढच्या भरतीत तिनं माझं काहीच ऐकलं नाही आणि तिची निवड झाली. आज मंगळवेढ्याकडं तलाठी आहे.

यातली पुढची भरती तेवढी मी रचली. वयाच्या अटीत बसणारी तिची शेवटची परीक्षा ती हुकलेलीच होती.