सतरा डबे आन् एक कागदाचा शर्ट

मी मूळची भातकुलीकडची. माय वावरात, बाप वावरात, आन् मले मातर लहानपनापासून कपड्याचा नाद, चिंधी सापडली का बाहुलीचं झंपर शिवत बसो. लग्न करून अकोल्याले आली त सासूनं मशीन घेऊन देली, म्हने बस आन् शिव, तवापासून शिवूनच राहिली मी, तीस-पस्तीस वर्सं झाले. ब्लाऊज शिवतो. गल्लीतल्या बायायचे मापं मले तोंडपाठ आहेत, कोन जाडी झाली, कोन वायली, हे तिच्या नवऱ्याच्या आदी मले समजते.

आता तुमी इचारून राहिल्या का मंदाबाई, व्हिएतनाममंदी काय पाह्यलं. काय सांगू तुमाले ताई, दुकानं पाह्यले. माही पोरगी पल्लवी पुन्याले नौकरीले आहे, तिनं हट्टानं नेलं मले. पाच दिवस होते आन् पाचही दिवस मी दुकानं पाह्यले. पल्लवी अजून माह्याशी नीट बोलून नाई राहिली. पन माही चूक नोयती, ते सतरा डब्यायची होती.

झालं असं का, मी चालली हे गल्लीत समजलं, आन् तठी हिले खायाले काय भेटन म्हनून जे आल्या बाया डबे घेऊन! कोनी चिवडा, कोनी शंकरपाये, कोनी दान्याची चटनी, एकीनं त डबाभर ठेचा आनला, विमानात काय करू त्याचं. सतरा डबे झाले. आन् आमच्या इकडे रिकामा डबा वापस करत नाईत. वाटीभर भाजी जरी आली कोनाघरून, तरी वाटी धुऊन तिच्यात साखर घालतो, काईच नसन त चार शेंगदाने, पन रिकामी नाई. आमचे घरचे, पल्लवीचे बाबा, कापसाच्या जिनिंग मिलमंदी कामाले होते, त्यायले मी रोज डबा बांधून देओ, त येतानी त्यात कदी बोरं, कदी पेरू, कदी गरम जिलबी, पंचवीस वर्सं माह्या हातात रिकामा डबा देला नाई त्या मानसानं. चार वर्सं झाले त्यायले जाऊन.

आता फॉरेनले गेली आन् डब्यात साखर घालून देली त कसं दिसन? शेजारच्या कमलताईनं त भिंतीवरून सांगून ठेवलं होतं, मंदे, माहा डबा मोठा आहे, ध्यानात ठेवजो. म्हनून मी काय केलं, सारे डबे घरी ठेवले, आन् अंदाजाले ह्यायचा जिनिंगचा डबा पर्समंदी घेतला. जे घ्याचं थे ह्यात मावलं पायजे.

हौ, हासा तुमी. पल्लवी मातर नाई हासली. दुकानात शिरलं का मी डबा काढो. तिकडे त्या टोकदार टोप्या भेटतेत, लय सुंदर, पन डब्यात कशी घालू टोपी? लाकडाच्या म्हशी होत्या कोरलेल्या, शिंगं बाहेर राहेत. रंगवलेल्या वाट्या होत्या, चकचकीत, थ्या मावे पन पल्लवी म्हने, आई, सामानाचं वजन जास्ती होईन, अन् वाटेत चेपून जाईन. एका दुकानात रेशमाच्या धाग्याचं चित्र होतं, कमयाचं, मी ते उलटं करून मांगून पाह्यलं, मांगच्या बाजूनंच कयते ना टाका कसा आहे थो, त ते दुकानवाली बाई रागावली. पल्लवीनं हाताले धरून बाहेर नेलं. आई, लोकं पाहून राहिले. मी म्हनलं, पाहू दे, त्यायच्या घरी सतरा डबे नाईत.

चौथ्या दिवशी एका जुन्या बाजारात गेलो आन् तठी मले भेटलं पायजे ते. कागदाचे कपडे! लहान लहान, शर्ट, पॅन्टा, झगे, बारीक जोडे, सारं कागदाचं, त्याले सोनेरी बुट्टे, बटनं सुदीक काढलेली. हलकं निरा, घडी केली का डब्यात आरामात. आन् शिवनाऱ्या बाईनं कपडेच आनावं, याच्याहून चांगलं काय? घेतले सतरा पाकिटं, पटापट. एक शर्ट वर घेतला, आभायासारक्या निया रंगाचा, माह्यासाठी. पल्लवी बाहेर नारयाचं पानी पिऊन राहिली होती, तिले इचारलंच नाई.

बसमंदी बसलो. मी मोठ्या हौसेनं आमच्या गाइडबाईले दाखवलं, हिंदी येई तिले थोडं. तिचं तोंड उतरलं. म्हने, माताजी, ये तो मरे हुए लोगों के लिए है, इसको जलाते हैं, फिर उनको मिल जाता है. सारी बस अशी हासली अशी हासली. मायबाई! सतरा घरच्या सतरा लेकुरवाया बायायले मी मेलेल्यायचे कपडे घेऊन चालली होती! कमलताईनं डबा उघडला असता आन् पुढं काय झालं असतं, मले इचारू नका.

पल्लवी म्हने, आई, हॉटेलात सोडून दे सारं. म्या सतरा पाकिटं सोडले. निया शर्ट नाई सोडला. तिनं पाह्यला पर्समंदी, डब्यात घालून ठेवलेला, आन् पर्सची चेन तिनंच लावली. तिले मालूम होतं.

काय मालूम होतं ते सांगतो. ह्यायचा एक शर्ट मी कापून ठेवला होता, असाच निया. दुसऱ्याच्या हातचा शर्ट घालत नोयते ते. लग्नसराई होती, गिऱ्हाइकाचे ब्लाऊज होते, ते रोज इचारत, माहा शर्ट कवा देतं व, आन् मी म्हनो, गिऱ्हाईक थांबत नाई, घरचा मानूस कुठी पयून चालला. पयून गेले ना! एका दुपारी जिनिंगमंदीच छातीत कय आली आन् गेले. शर्ट कापलेला तसाच कपाटात. चार वर्सांत हजार ब्लाऊज शिवले असन, त्याले हात नाई लावू शकली. राग येते मले माहाच, लय राग येते.

डब्यायचं काय झालं म्हनता? विमानतयावर नारयाच्या गोया घेतल्या आन् सतरा घरी वाटल्या. कमलताईनं एक खाल्ली आन् म्हने, एवढ्या दूर जाऊन नारयाच्या वड्या आनल्या व? अकोल्यात नोयत्या भेटत? आता हिले काय सांगू!

मंग मांगच्या रविवारी सकायी थो कागदाचा शर्ट काढला. नीट पाह्यला त, काय शिवला होता बापा! कॉलर एका बाजूनं लांब, आन् खिसा उजवीकडे. ह्यायचा चष्मा आन् तंबाखूच्या खर्र्याची पुडी डावीकडे राहे. असा कसा धाडू? कैची घेतली, कॉलर कापून सारखी केली, खिसा काढून खय लावून डावीकडे चिकटवला. मंग अंगनात घमेल्यात ठेवून काडी लावली. पाह्यता पाह्यता गेला. मी तठीच बसून रडली, लपवत नाई तुमच्यापासून.

भिंतीवरून कमलताई, मंदे, काय जायून राहिली व? मी म्हनलं, ह्यायले शर्ट देऊन राहिली, उशीर झाला जराक. ते भिंतीवरून मांग सरली आन् घरात गेली.

दुपारी आली, हातात थोच मोठा डबा. उघडला त पिठलं, भाकरी, ठेचा, दोन मानसाचं. मी म्हनलं, एकटीले एवढं कायले आनलं? त म्हने, चार वर्सांनी नवा शर्ट घालून येईन मानूस, त त्याले उपाशी ठेवतं का?

थो डबा पाहा, थ्या ओट्यावर, घासून ठेवला आहे आठ दिवसाचा. आता सांगा ताई तुमीच, त्याच्यात काय घालून वापस करू?