नैवेद्याच्या वाटीतला हिरवा चहा

मंडळी, आधी एक सांगा — लेकराची काळजी आणि लेकराचा जाच, यांच्यामधली वेस कुठं लागते? ओलांडताना कळते का? नाही ना? मग ऐका!

मिरजेत रेणुका नावाची एक आई. एम.एस्सी. झालेली, बरं का! लेक शर्वरी चौदा वर्षांची, गालावर मुरमं आलेली. वयच ते! पण आईला झोप लागेना. रोज सकाळी पोरीची हनुवटी धरायची, मोबाईलची बॅटरी लावायची, नि मुरमं मोजायची. शेवटी पोरीनं खोलीला आतून कडी घातली. जेवणाचं ताट दाराशी, आईशी बोलणं बंद!

रेणुकेनं कुठंसं वाचलं — हिरव्या चहाच्या अर्काच्या कॅप्सूल घ्या, मुरमं छूमंतर. मागवली बाटली. पोर म्हणाली, घेणार नाही. पण प्रसादाला नाही कोण म्हणतं? आईनं कॅप्सूल वाटीत ओतल्या, वर तुळशीचं पान, नि ठेवल्या बाळकृष्णापुढं. देव बिचारा काय बोलणार!

पण प्रसाद म्हटला की वाटणं आलं! आरतीला आलेल्या शेजारच्या मालूकाकूंनी हात पुढं केला. एक डोळ्यांना लावून गिळली, एक यजमानांसाठी पदरात बांधली. यजमानांच्या तोंडावर मुरूम औषधालासुद्धा नाही!

सासूबाईंची एकादशी. पोट रिकामं. उपासाला चालतं का, त्यांनी विचारलं. रेणुकेच्या तोंडून गेलं, चहाच आहे. चहा चालतो! वर प्रसाद एकच घेऊ नये, म्हणून त्यांनी दोन घेतल्या.

थोड्या वेळात सासूबाई मळमळून आडव्या. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लंत?

"प्रसाद."

बाटली वाचून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. कपभर चहा वेगळा, हा दाट अर्क वेगळा. कुणाकुणाच्या यकृताला बाधतो, रिकाम्या पोटी तर अधिकच. वाढत्या पोरीला तर डॉक्टरला विचारल्याशिवाय द्यायचाच नाही, असं त्यांनी बजावलं. सासूबाई निभावल्या. पण ती वाटी शर्वरीच्या हाती गेली असती तर? रेणुकेनं वाटी उचलून कचऱ्यात उपडी केली. ती लेकीच्या दाराशी बसली.

"शरू, कॅप्सूल टाकल्या गं."

आतून आवाज आला, "आणि मोजणं?"

"तेही."

कडी निघाली. मुरमं तशीच होती. पण आईला आज पहिल्यांदा पोरीचे डोळे दिसले. रडून सुजलेले.

मंडळी, मुरमं वयाबरोबर जातील, नाही गेली तर डॉक्टर आहेत. पण उद्या सकाळी लेकराची हनुवटी धराल, तेव्हा शोधाल काय? आणि मागच्या रांगेतल्या ताई — पर्समधली बाटली आत ढकलू नका. दिसली मला!