नाव झाकलेला स्कॅन

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या मेंदूशस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख डॉ. फिलिप ओकरलंड, व्यासपीठावर अवघडून बसलेले सत्कारमूर्ती डॉ. हार्लन ट्वीट, त्यांना तिथे बसायला भाग पाडणाऱ्या त्यांच्या पत्नी मार्लिसबाई, आणि डुलुथच्या या निसरड्या रस्त्यांवरून इथवर आलेले सहकारी, परिचारिका आणि मित्रहो,

मी रेनाटा सोबचाक. दर सोमवारी हार्लन यांच्याशी भांडणारी बाई, एवढी ओळख पुरे. गौरवाचं भाषण माझ्याच गळ्यात का, असं मी अध्यक्षांना विचारलं. ते म्हणाले, "इतर कुणी स्तुती केली तर ते उठून घरी जातील. तू बोललीस तर निदान उत्तर द्यायला थांबतील."

भांडण कशावरून, तेही सांगते. मार्लिसबाईंच्या चर्चमधली मंडळी सूप बाजूला ठेवून माझ्याकडे बघतायत, त्यांच्यासाठी. मेंदूच्या अगदी आत, पाण्याच्या पोकळीत ट्यूमर असला तर तिथे पोहोचायचं कसं? हार्लन यांची वाट मेंदूच्या दोन अर्धांमधल्या फटीतून जाते. दोन्ही बाजू हळूच सारायच्या, त्यांना जोडणारा पूल थोडासा चिरायचा आणि आत उतरायचं. जागा ऐसपैस मिळते, पण तो पूल फुकट मिळालेला नसतो. माझी वाट मेंदूच्या घडीतून. अंगठ्याएवढी नळी तंतू बाजूला सारत आत जाते, आणि सगळं काम त्या नळीतून. इजा कमी. मात्र रक्त सुटलं तर हात हलवायला जागा नाही, आणि नळीच्या तोंडापलीकडचं काही दिसत नाही. "तुला तेवढंच जग वाटायला लागतं," असं हार्लन मला कितीदा म्हणाले असतील!

निवृत्तीनंतरही हार्लन ज्या सोमवारच्या बैठकीला न चुकता येतात, तिचे दोन नियम त्यांनीच घातलेले आहेत. स्कॅन दाखवताना पेशंटचं नाव झाकायचं. मत आधी, नाव नंतर. आणि ज्याचं मत हरेल, त्याने ऑपरेशनला जिंकणाऱ्याच्या शेजारी मदतीला उभं राहायचं. का? तर शेजारी मान डोलावणारा माणूस काही कामाचा नसतो. नळीवर नाक मुरडत हार्लन माझ्या शेजारी उभे राहिले आहेत, आणि त्यांच्या फटीला नावं ठेवत मी त्यांच्या.

गेल्या महिन्यात त्यांनी एक स्कॅन लावला. डाव्या पोकळीत, मागच्या बाजूला. वाचणं, बोलणं, शब्द सापडणं, सगळं त्याच्याच शेजारी. मी पटकन म्हणाले, "नळी. यात विचार कसला करायचा?"

"तुला विचाराचं वावडंच आहे. फटीतून जा," हार्लन म्हणाले.

"अहो, या कोपऱ्यात फटीतून पोहोचेपर्यंत तुम्ही पुन्हा निवृत्त व्हाल!"

सगळे हसले. हात वर झाले. हार्लन आणि त्यांचे शिष्य डॉ. कर्टिस बोशेन, एवढे दोघेच फटीच्या बाजूने. मी जिंकले. मग हार्लन यांनी नावावरची पट्टी काढली.

नाव त्यांचंच होतं.

बहुतेकांना हे ठाऊक आहे, आणि मार्लिसबाईंनी बोलायची मुभा दिली आहे, म्हणूनच इथे बोलते आहे. गुरुवारी सकाळी त्यांचं ऑपरेशन आहे. ते मी करायचं, असा त्यांचा हट्ट आहे.

मी त्यांना म्हटलं, "दुसऱ्या शहरात जा. तुमच्या पद्धतीने करणारे चांगले लोक आहेत." ते म्हणाले, "मला तुझं खरं मत हवं होतं, म्हणून नाव झाकलं. आता नाव कळल्यावर मत बदलू नकोस."

मित्रहो, मी बदलत होते. तेव्हापासून रोज तो स्कॅन उघडते. एका दिवशी नळी, दुसऱ्या दिवशी फट. फटीतून गेले आणि काही बिघडलं तर निदान त्यांच्याच पद्धतीने केलं असं म्हणता येईल, इथपर्यंत माझी मजल गेली. हे मी त्यांना सांगितलं. मला वाटलं, धीर देतील. देतील कसले!

"अनोळखी माणसासाठी तुझा हात चटकन वर गेला. माझ्यासाठी जात नाही. मग रेनाटाबाई, तू घाई कुणाच्या बाबतीत करतेस आणि लाड कुणाचे?"

मला भीती वाटते आहे, आणि गौरव समारंभात असं बोलू नये हेही मला कळतं. हा माणूस शब्दांवर जगला. त्यांचे शब्द माझ्या हाताने गेले तर सोमवारी मी कुणाशी भांडू?

पण मत तेच. नळी. स्कॅन तोच आहे, बदललं ते फक्त माझं धैर्य.

राहिला दुसरा नियम. या वेळी हरणारा टेबलावर असेल. म्हणून कर्टिस, शेजारी तू उभा राहशील. मला सगळा ट्यूमर काढल्याशिवाय थांबवत नाही, हे या सभागृहात कुणाला माहीत नाही? तेव्हा सगळ्यांसमोर सांगते: तू "पुरे" म्हणालास की मी थांबेन. तुकडा राहिला तर राहू दे.

अध्यक्षमहाराज, आपण वेळ दिलात, आभारी आहे. स्वयंपाकघरातल्या मंडळींचे आणि मार्लिसबाईंचे विशेष आभार. माझ्या बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर उदार मनाने सोडून द्या.

कार्यक्रमपत्रिकेत यानंतर सत्कारमूर्तींचं उत्तर आहे. ते आज होणार नाही. थोड्या वेळापूर्वी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "माझं भाषण तुझ्याकडे ठेवतो. ऑपरेशननंतर मागून घेईन."

हार्लन, मी जपून ठेवते. शब्दन् शब्द परत मागा.